आधी जोर, मग नेम
(सौंदड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धान घरी आलं आहे, मंडया होऊन गेल्या आहेत, रात्री कुठे ना कुठे झाडीपट्टीचं नाटक चालू आहे. अशा दिवसांत 'लहान मुलांना चेंडू फेकायला शिकवणं' हा विषय घेऊन कोणी उभा राहिला, तर श्रोते एकमेकांकडे पाहणारच. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते प्राथमिक शिक्षक होते, म्हणून मला विषयाचा संकोच वाटला नाही. तरी तुमच्या मनातली शंका मी समजू शकतो. यात शिकवण्यासारखं काय? पोरगं चालायला लागलं की हाताला येईल ते फेकतं. वाटी फेकतं, चप्पल फेकतं, बापाचा मोबाइल फेकतं. आपल्याला उलट 'फेकू नको' हेच शिकवावं लागतं.

नेमकं इथे आपण फसतो. दोन वर्षांचं मूल फेकतं ती क्रिया वेगळी आणि आठ वर्षांच्या मुलाला जे फेकता यायला हवं ती वेगळी. पहिली आपोआप येते. दुसरी येत नाही. ज्याला ती कोणी शिकवली नाही, जिला ती कोणी करू दिली नाही, तो माणूस चाळिशीला पोचला तरी दोन वर्षांच्या मुलासारखाच फेकतो. तोंड समोर, पाय जमिनीत रोवलेले, आणि कोपरापासून पुढे तेवढा हात हलतो. पटत नसेल तर उद्या सकाळी घरातल्या प्रत्येकाच्या हातात कागदाचा एकेक बोळा द्या आणि अंगणाच्या पार टोकाला फेकायला सांगा. कोण कुठवर शिकलं आहे ते लगेच दिसेल. शाळेचा दाखला पाहायची गरज पडणार नाही.

अमेरिकेत मोनिका वाइल्ड नावाच्या संशोधक बाईंनी १९३८ साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. दोन ते बारा वर्षांच्या मुलामुलींचं फेकणं त्यांनी चित्रफितीवर घेतलं, बारकाईने पाहिलं आणि त्यात चार टप्पे दाखवले. दोन-तीन वर्षांचं मूल नुसत्या हाताने फेकतं. साडेतीन ते पाचच्या दरम्यान धड वळायला लागतं, पण पाय जागचे हलत नाहीत. पाच-सहाच्या सुमाराला पाऊल पडतं, पण चुकीचं पडतं. उजव्या हाताने फेकणारं मूल उजवाच पाय पुढे टाकतं. पहिलीच्या वर्गात हे हमखास दिसतं, गुरुजींनी उद्या पाहावं. साडेसहाच्या पुढे विरुद्ध पाय पुढे येतो, म्हणजे हात उजवा आणि पाऊल डावं. पुढे मेरी अ‍ॅन रॉबर्टन यांनी हे टप्पे पाऊल, धड, दंड, कोपराखालचा हात असे अवयवागणिक वेगळे करून तपासले. एकाच मुलाचं पाऊल पुढच्या टप्प्यावर आणि हात मागच्या टप्प्यावर असू शकतो, हे त्यातून कळलं. चांगल्या फेकीतलं पाऊल किती लांब असावं, याचंही माप त्यांच्याकडे आहे. मुलाच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त. आपल्याकडे किती मुलं एवढं पाऊल टाकतात?

या वयांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ती वयं म्हणजे दुधाचे दात पडण्याचं वेळापत्रक नव्हे. संधी मिळालेल्या मुलांमध्ये साधारण तेव्हा ते टप्पे दिसतात, एवढाच त्यांचा अर्थ. संधी नसेल तर वय वाढतं आणि टप्पा तिथेच राहतो.

ही क्रिया इतकी अवघड का, हेही थोडं पाहू. चांगल्या फेकीत हाताचं काम सगळ्यात शेवटी येतं. आधी पाऊल पडतं, मग कंबर वळते, मग छाती, मग खांदा, मग कोपर, मग मनगट. जोर पायातून निघतो आणि बोटांतून बाहेर पडतो. चाबकाची मूठ सावकाश फिरते आणि टोक कडाडतं, तसं हे काम आहे. २०१३ साली नील रोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं, की माणसाच्या खांद्याभोवतीचे स्नायुबंध हात मागे नेताना ताणले जातात, त्यात शक्ती साठते आणि फेकताना ती एकदम सुटते. फिरती कंबर, दंडाच्या हाडाचा कमी पीळ आणि बाजूकडे तोंड केलेला खांद्याचा सांधा, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात त्या साधारण वीस लाख वर्षांपूर्वीच्या मानवात. चिंपांझी आपल्यापेक्षा कितीतरी बलवान, पण त्याला असं फेकता येत नाही. त्याची फेक तासाला तीसेक किलोमीटरच्या आसपास अडते. सराव असलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा त्याला सहज मागे टाकतो. वाघ पळतो, माकड चढतं, मासा पोहतो. भरधाव आणि नेमकं फेकणं मात्र माणसाच्या वाट्याला आलं, आणि आपण ते मुलांना पीटीच्या तासातही शिकवत नाही.

का शिकवत नाही? माझं एक मत आहे. ते सगळ्यांना पटेल असा आग्रह नाही.

महाराष्ट्रात शारीरिक शिक्षणाची परंपरा मोठी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. त्या मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. त्याच वर्षी बडोद्याहून आबासाहेब मुजुमदारांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चा पहिला खंड निघाला आणि पुढे त्याचे दहा खंड झाले. हे काम अफाट आहे. पण या परंपरेने ज्यांना मान दिला, नियम दिले, मैदानाची मापं दिली, ते खेळ आठवून पाहा. हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या, लंगडी, मल्लखांब, कुस्ती. यांतल्या एकाही खेळात काही फेकावं लागत नाही. पळा, चकवा, पकडा, तोल सांभाळा, हे सगळं आहे. फेकणं राहिलं ते गल्लीतल्या पोरांच्या हाती: लगोरी, आबाधोबी, गोट्या, विटीदांडू, भोवरा. मास्तर नसताना खेळायचे खेळ. भोवरा नुसता हातातून सोडला तर फिरत नाही, जाळीला हिसका देऊन मनगट वेळेवर मागे ओढावं लागतं. हे शिकवायला कोणी सर नव्हते. थोरला भाऊ होता.

तो थोरला भाऊ आता मोबाइल घेऊन बसला आहे. मी त्याला दोष देत नाही. पण गल्लीतली शाळा बंद पडली आणि सरकारी शाळेने ते काम उचललं नाही, हे खरं. आठवी-नववीत एकदम गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक येते, आणि चार मुलं सोडून बाकीच्यांना वाटतं हे आपलं काम नव्हे. पहिलीत अक्षरओळख न करता आठवीत निबंध मागण्यातलाच हा प्रकार.

शेजारच्या छत्तीसगडने २०२२ साली 'छत्तीसगढिया ऑलिम्पिक' भरवलं आणि त्यात चौदा देशी खेळ घेतले. भवरा होता, बांटी होती आणि पिट्ठुलही होतं. पिट्ठुल म्हणजे आपली लगोरी. आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे गावोगावची मोठी माणसं, बायासुद्धा, मैदानात उतरून दगडांच्या थरावर चेंडू मारत होती. सरकारं बदलतात, योजना बदलतात, त्या राजकारणात मला पडायचं नाही. लगोरीला सरकारी मैदानावर जागा मिळाली, एवढं मला पुरे.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या झाडीपट्टीत माणसं फेकत नाहीत असं कोण म्हणतं? बरोबर आहे. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत जाऊन पडतात त्या फेकीनेच. धुऱ्यावरचा माणूस पेंढी अशी भिरकावतो, की ती रोवणाऱ्या बाईच्या हाताजवळ पडते आणि तिच्या अंगावर चिखल उडत नाही. मालगुजारी तलावावर ढीवर बांधव जाळं फेकतात, तेव्हा कमरेपासून अख्खं अंग वळतं आणि जाळं पाण्यावर गोल उघडतं. फेकीचा धडा पाहायचा असेल तर कुठल्या अकादमीत जाऊ नका, पहाटे तलावावर जा. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या दोन काठांवरून गोटमार होते, तिथेही माणसं फेकतातच. डोकी फुटतात म्हणून त्याची तारीफ मी करणार नाही. या मातीत फेकणारा हात नाही असं मात्र कोणी म्हणू नये.

हात आहे. मग लहानपणी तो कुठे अडतो?

माझ्या मते 'हळू' या एका हुकुमाशी. मूल चेंडू उचलतं आणि घरातून आवाज येतो, "हरू टाक ना बाबू, कवेलू फुटतीन!" कवेलू गेले, स्लॅब आले, हुकूम तोच राहिला. आता खिडकीची काच आहे, दारातली मोटारसायकल आहे. सौंदडसारख्या गावात तर भीती खोटीही नाही. इकडे जुना सहा नंबरचा, आताचा त्रेपन्न नंबरचा महामार्ग, तिकडे गोंदिया-बल्लारशाहची रेल्वे. चेंडू रस्त्यावर गेला आणि मूल मागे धावलं तर काय, या विचाराने आईचा जीव वर-खाली होतो. म्हणून हळू. शाळेत गेलं की गुरुजी म्हणतात, नीट टाक, नेम धर, बादलीत पडला पाहिजे. म्हणजे पुन्हा हळूच.

फेकीचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली आहे. ज्याला जोरात फेकायला सांगितलं तो पाऊल टाकतो, अंग वळवतो. त्यालाच जवळच्या खुणेवर नेम धरून फेकायला सांगितलं की तो पाय गोळा करतो आणि नुसत्या हाताने चेंडू ढकलतो. जवळचा नेम साधायला अख्खं अंग वापरायची गरजच नसते, मग मूल ते कशाला वापरेल? तीन हातांवर बादली ठेवून आपण मुलाला दोन वर्षांच्या टप्प्यावरच थांबवतो, आणि वर 'बादलीत पडला, शाब्बास' म्हणून टाळ्या वाजवतो. मोठ्या हौसेने भरवल्या जाणाऱ्या बालक्रीडा महोत्सवांतली ही बादलीची स्पर्धा सहा वर्षांखालच्या मुलांसाठी बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

लहान मुलाला सांगायचं ते उलटं. जोरात. अजून जोरात. त्या पळसाच्या झाडापर्यंत. चेंडू वाकडा गेला तर जाऊ द्या. आधी जोर येऊ द्या. अंग वळायला लागलं, पाऊल पडायला लागलं, की सात-आठ वर्षांच्या सुमाराला नेम मागा. तेव्हा लगोरी मांडा. नेम नंतर येतो आणि टिकतो. आधी नेम मागितला तर जोर बहुधा कधीच येत नाही.

एवढ्या जोराने फेकायचं तर चेंडू कसला हवा? इथे आमच्या शारीरिक शिक्षणवाल्यांची चूक होते. क्रिकेटचा चेंडू पुरुषांच्या सामन्यात साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. तो पाच वर्षांच्या मुलाच्या हातात देणं हा अन्याय आहे. फुटबॉल किंवा मोठा प्लॅस्टिकचा बॉलही नको. तो मुलाच्या मुठीत मावत नाही, म्हणून मूल दोन्ही हातांनी छातीपासून ढकलतं आणि ढकलण्याचीच सवय लागते. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा, तो पहिलीपासून चालेल. अंगणवाडीसाठी त्याहून मऊ हवा. आणि तो विकत घ्यायची गरज नाही. फाटका पायमोजा घ्या, त्यात चिंध्या भरा, तोंड शिवून टाका. नाहीतर तणस मुरडून त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळा आणि सुतळीने आवळा. आता धान निघाल्यावर तणसाला काय तोटा? असा चेंडू कोणाला लागला तरी दुखत नाही, काच फोडत नाही, घरंगळत महामार्गावर जात नाही. 'हळू' म्हणायचं कारणच संपतं.

आणि चेंडू प्रत्येकाला एक हवा. हा हिशेब मी शिक्षकांच्या प्रत्येक शिबिरात मांडतो. तीस मुलं, अर्ध्या तासाचा तास आणि एक चेंडू. फेकायचं, आणायचं, पुढच्याच्या हाती द्यायचं, याला वीस सेकंद धरले तर अर्ध्या तासात नव्वद फेकी होतात. मुलामागे तीन. बाकी वेळ मूल रांगेत उभं राहून पुढच्याची शेंडी ओढतं. आता प्रत्येकाच्या हातात चेंडू द्या. शिट्टीला सगळ्यांनी फेकायचं, दुसऱ्या शिट्टीला सगळ्यांनी आणायचं. आणायला निघताना कोणाच्या हातात चेंडू नसल्यामुळे कोणाला लागतही नाही. एका फेरीला एक मिनिट धरलं तर तीस फेकी होतात. म्हणजे दहापट, आणि खर्च चिंध्यांचा.

फेकायचं कुणीकडे? भिंतीकडे. शाळेच्या मागची भिंत घ्या, तिच्यावर चुन्याने आपल्या दारापेक्षा मोठं वर्तुळ काढा. नाहीतर दोन झाडांमध्ये जुनी साडी ताणून बांधा. एखादा जुना पत्रा उभा केला तर फारच छान, कारण चेंडू आदळल्यावर धाडकन आवाज येतो आणि त्या आवाजासाठी पोट्टे दिवसभर फेकत राहतात. त्या आवाजापुढे माझ्या शाब्बासकीला काही किंमत नाही, हे मी मान्य करतो. वर्तुळाला लागलं की मागे सरकायचं. अंतर वाढलं की पाऊल आपसूक लांब पडतं, ते वेगळं शिकवावं लागत नाही. साडीच्या वरून पलीकडे फेकायला सांगितलं की हात वरून यायला लागतो, तेही सांगावं लागत नाही. चांगला शिक्षक जागा अशी मांडतो, की तोंडाने सांगायचं फार थोडं उरतं.

जोडी-जोडीने समोरासमोर उभं करून फेक-झेल सुरू करणं ही सगळ्यात रूढ पद्धत. लहान मुलांना ती मुळीच वापरू नका. समोरच्याला झेलता यावा म्हणून मूल चेंडू वरून अलगद टाकतं, आणि आपण पुन्हा 'हळू'पाशी येतो. झेलणं हा वेगळा धडा आहे. त्याला वेगळा चेंडू लागतो, मोठा आणि मऊ, आणि भीती घालवायला वेगळा वेळ लागतो. तो आज बाजूला ठेवू.

आता तोंडाने सांगायचं ते किती? चार गोष्टी. आडवा उभा राहा. हात मागे. पाऊल टाक. फेक. एका दिवशी एकच सांगा. मुलाने आडवं उभं राहणं म्हणजे त्याची बेंबी भिंतीकडे नको, शेजारच्या मुलाकडे हवी. असं म्हटलं की मुलं हसतात आणि विसरत नाहीत. पावलासाठी रांगोळीने जमिनीवर दोन पावलं काढा, एक मागचं आणि एक पुढचं. आणि ज्या हाताने मूल फेकतं त्याच्या विरुद्ध घोट्याला रंगीत दोरा बांधा: 'दोऱ्याचा पाय पुढे.' डावं-उजवं सांगत बसू नका. पहिलीच्या मुलाचा त्यात गोंधळ होतो, शिक्षकाचाही होतो. डावखुरं मूल असेल तर दोरा उजव्या पायाला. त्याचा चेंडू काढून उजव्या हातात देणारे लोक अजून आहेत. त्यांनी कृपा करून तसं करू नये.

चेंडू पायाजवळ आपटला म्हणजे तो उशिरा सुटला, आभाळात गेला म्हणजे लवकर सुटला. हे तुम्हाला कळलं तरी मुलाला सांगू नका. वीस-पंचवीस फेकींत त्याचं बोट ते ओळखतं. आपण समजावत बसलो तर त्याला उशीरच लागतो.

शारीरिक कमतरता असलेल्या मुलाला मोजणीला बसवायची शाळांची एक सवय आहे, तीही सोडा. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचा सचिन खिलारी, ज्याच्या एका हातात पूर्ण बळ नाही, त्याने २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळा १६.३२ मीटर टाकून रौप्यपदक आणलं.

आता मुलींकडे येतो. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा अन्याय इथे आहे.

१९८५ साली जेरी थॉमस आणि कॅरन फ्रेंच यांनी मुलगे आणि मुली यांच्या शारीरिक कौशल्यांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. धावणं, उडी, तोल, सगळ्यांत थोडाबहुत फरक निघाला. सगळ्यात मोठा फरक निघाला तो फेकण्यात, आणि तो तीन वर्षांच्या वयातच दिसत होता. हे वाचून कोणी म्हणेल, मग हा निसर्गच झाला. थोडा निसर्ग असेलही. पण पुढे थॉमस आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलामुलींचं फेकणं मोजलं. तिथल्या समाजात फेकणं दोघांच्याही जगण्याचा भाग होता, आणि तिथे दोघांतलं अंतर अमेरिकी मुलांपेक्षा बरंच कमी निघालं. निसर्ग तिथेही तोच होता. मुलींच्या हाताला काम होतं, हा फरक.

आयरिस मॅरियन यंग या तत्त्वज्ञ बाईंनी १९८० साली मुलींच्या फेकण्यावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की मुलगी फेकताना अख्खं शरीर वापरत नाही याचं कारण तिच्या स्नायूंत नाही. तिला लहानपणापासून जागा कमी व्यापायला, अंग आवरून धरायला शिकवलेलं असतं, तिथे ते कारण आहे. हे वाचायला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही. आपल्या घरी पाहा. पाच वर्षांच्या मुलाला चेंडू मिळतो आणि पाच वर्षांच्या मुलीला कडेवर धाकटा भाऊ मिळतो. ती आडवी उभी राहिली, लांब पाऊल टाकलं, हात डोक्यामागे नेला, की कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, पोरीच्या जातीला हे शोभतं का? फेकायला जे जे लागतं, ते ते सगळं मुलीला मना केलेलं.

उत्तर प्रदेशातली अन्नू रानी गावातल्या क्रिकेटमध्ये लांबून चेंडू फेकत होती. तिच्या भावाच्या ते लक्षात आलं, आणि उसाच्या कांड्या फेकून तिचा सराव सुरू झाला. हांगझोऊच्या आशियाई खेळांत २०२३ साली तिने भाला ६२.९२ मीटर टाकला आणि सुवर्ण आणलं. त्या भावाने ते पाहिलं नसतं तर? आणि २ नोव्हेंबर २०२५ ची नवी मुंबईची रात्र तुमच्यातल्या अनेकांनी टीव्हीवर जागून काढली असेल. महिला क्रिकेट विश्वचषकाच्या त्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेची सलामीची जोडी जमली होती. ती फुटली अमनजोत कौरच्या थेट यष्ट्यांवर बसलेल्या फेकीने. शफालीची फलंदाजी, दीप्तीचे बळी यांवर खूप लिहून आलं, ते योग्यच. मी मात्र ती फेक पुन्हा पुन्हा पाहिली. धावता धावता उचललेला चेंडू आणि तोल सावरायच्या आत सुटलेला हात. असा हात सोळाव्या वर्षी शिबिरात जाऊन येत नाही. तो अंगणात तयार झालेला असतो.

सगळ्या मुली खेळाडू होणार नाहीत, मुलगेही होणार नाहीत. मला त्याची चिंता नाही. ऑस्ट्रेलियात लिसा बार्नेट आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांची कौशल्यं मोजली आणि काही वर्षांनी तीच मुलं किशोरवयात किती हालचाल करतात ते पाहिलं. फेकणं, झेलणं, चेंडूला लाथ मारणं ज्यांना लहानपणी चांगलं येत होतं, ती पुढे जास्त खेळती राहिली. नुसतं पळणं-उड्या मारणं चांगलं असण्याचा असा संबंध निघाला नाही. विचार केला तर हे साधं आहे. पळता सगळ्यांनाच येतं, पण ज्याला फेकता येत नाही त्याला खेळात कोणी घेत नाही. तो कडेला बसतो आणि मग कडेलाच राहतो.

दुसऱ्या टोकाचा इशाराही देऊन ठेवतो, कारण गोंदिया-भंडाऱ्यातही आता क्रिकेटच्या अकादम्या निघू लागल्या आहेत. अमेरिकेत बेसबॉलच्या संघटनांनी कोवळ्या खांद्यांच्या दुखापती पाहून नियम केले आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलाने सामन्यात दिवसाला पन्नासहून जास्त फेकी करायच्या नाहीत. आपल्याकडे असा नियम नाही, म्हणून पालकांनीच मोजावं. खांदा दुखतो म्हणणाऱ्या मुलाला 'सहन कर' म्हणणारा प्रशिक्षक सोडून द्यावा.

कोणी विचारेल, अभ्यासक्रमात आहे का हे? आहे. २०२२ चा पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तीन ते आठ वर्षांच्या मुलांचाच आहे आणि शारीरिक विकास त्यात पहिल्या रांगेत आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिची प्रेरणा ज्यांच्या कामात दिसते त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला मुलांची शाळा मुलांच्या दारात नेली होती. कागदावर कमी काहीच नाही. अंगणवाडीच्या ताईंवर आहाराचं, वजनाचं, नोंदींचं, मोबाइलमधल्या माहितीचं इतकं ओझं आहे, की चेंडूसाठी त्यांच्याकडे वेळ उरत नाही, हेही मी जाणतो. म्हणून मागणं त्यांच्याकडे थोडं आणि गावाकडे जास्त आहे.

सौंदडच्या शिंपीदादांनी यंदा कापडाचे तुकडे फेकू नयेत, एका पोत्यात भरून ठेवावेत. ज्यांच्याकडे तणस आहे त्यांनी एकेक भारा द्यावा. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात, तोवर भरपूर वेळ आहे. घरातल्या आज्यांनी दुपारच्या सावलीत दहा-दहा चेंडू शिवले, तर गावातल्या प्रत्येक अंगणवाडीत मुलागणिक एक चेंडू होईल. ग्रामपंचायतीने रस्त्यापासून दूरची एक भिंत ठरवावी आणि तिच्यावर चुन्याचं मोठं वर्तुळ काढून द्यावं. गुरुजींनी आठवड्यातले दोन तास त्या भिंतीला द्यावेत, आणि पहिली पाळी मुलींची ठेवावी. आणि आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी एवढं करावं, की चेंडू मऊ असेल आणि समोर भिंत असेल तेव्हा 'हळू' म्हणू नये.